एक तांब्या ताक

साठीनंतर माणसानं काय करावं याचे काही रिवाज आहेत. सकाळी देवळात जावं, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपावं, संध्याकाळी कट्ट्यावर बसून सरकारला नावं ठेवावीत. आमच्या ह्यांनी काय केलं, तर घट्ट काळी चड्डी घातली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि पहाटे पाचला हेब्बाळच्या पुलाखालून सायकल हाणत तुमकूर रोडला लागले. समोरच्या घरातल्या बाईंनी मला गॅलरीतून विचारलं, रंजिताअक्का, यजमानांचं काही बिघडलंय का? मी म्हटलं, बिघडलं होतं, आता दुरुस्त होतंय.

ह्यांचं नाव नागनाथ. आमची घरं शहाजीराजांच्या काळात इकडं आली म्हणतात, तेव्हापासून आम्ही बेंगळुरूचेच. पुण्याचा कुणी पाहुणा आला की आमचं मराठी ऐकून हसू दाबतो. दाबू दे. आम्ही ‘स्वल्प थांबा’ म्हणतो आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ म्हणून फोन ठेवतो, त्यानं आमचं काही अडलं नाही.

बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात हे तीस वर्षं तपासनीस होते. यंत्राचे सुटे भाग मापून बघायचे, बरोबर असेल तर सही, नसेल तर बाद. हेब्बाळहून बोम्मसंद्रा म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक. कंपनीच्या बसमध्ये जाताना दोन तास बसायचे, येताना दोन तास झोपायचे. तीस वर्षं बसून बसून पोट पुढं आलं, आणि रिटायर झाले तेव्हा वजन चौऱ्याण्णव किलो होतं आणि साखर दोनशे ऐंशी. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात दोनदा थांबायचे आणि थांबलोय हे कळू नये म्हणून कठडा हलवून बघायचे, ढिला झालाय का ते.

डॉक्टर म्हणाले, चाला. चालण्याचा ह्यांना कंटाळा. गच्चीवर ताडपत्रीखाली आमच्या लेकीची, भव्याची, शाळेतली सायकल पडली होती, ती ह्यांनी खाली काढली. पहिल्या दिवशी तळ्याला एक चक्कर मारायला गेले आणि अर्ध्यातून सायकल ढकलत परत आले. तोंड लाल, शर्ट चिंब. मी म्हटलं, झाली हौस? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सहा महिन्यांत देवनहळ्ळीला जाऊन यायला लागले. मग भव्यानं, ती व्हाइटफील्डला कंप्युटरच्या ऑफिसात आहे, तिनं गिअरची चांगली सायकल आणून दिली. तीन वर्षांत चोवीस किलो उतरले. लग्नातला कोट अंगात यायला लागला, आणि एके दिवशी जिना चढताना मीच मागं राहिले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली.

ह्याच काळात ह्यांना ते ब्रेव्हेचं वेड लागलं. ब्रेव्हे म्हणजे लांबची सायकल-फेरी. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. वाटेत ठिकठिकाणी कंट्रोल असतात, तिथं थांबून कार्डावर शिक्का घ्यायचा. एका वर्षात चारही अंतरं पुरी केली तर एक पदक मिळतं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, नुसते नियम. नियम म्हटल्यावर आमच्या ह्यांना घरी आल्यासारखं वाटलं. पहाटे चारला चिटपाखरू नसताना लाल दिव्याला थांबणारा माणूस हा. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

पदकासाठी दोन वर्षं झटले. एका वर्षी गुडघा धरला, दुसऱ्या वर्षी सायकलचा गिअर तुटला. तिसऱ्या वर्षी दोनशे झालं, चारशे झालं, सहाशेसुद्धा झालं. उरलं फक्त तीनशे, आणि हंगामातली शेवटची तीनशेची फेरी दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी होती. ती चुकली की बाकीचं सगळं पाण्यात, पुन्हा दोनशेपासून सुरुवात. एकसष्ट वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द उच्चारायला जड जातो. पदक कुठं लावायचं तो खिळासुद्धा ह्यांनी आधीच ठोकून ठेवला होता.

आता मूळ गोष्टीकडं येते.

भव्यानं माझ्या फोनमध्ये काहीतरी करून दिलंय, त्यात हे कुठं आहेत ते नकाशावर दिसतं. एक निळा ठिपका सरकत असतो. मी दुधाला विरजण लावताना ठिपका बघते, भाजी निवडताना ठिपका बघते. ह्या शहरातून म्हैसूरला रस्ता जातो, कोलारला जातो, नंदीचा डोंगर तर सगळ्या सायकलवाल्यांचं पंढरपूर आहे. आमचे हे मात्र सरावाला महिन्यातून एका रविवारी हटकून तुमकूर रोडच धरायचे. आणि सिऱ्याच्या अलीकडं, एकशे बारा किलोमीटरवर, तो ठिपका थांबायचा. हुणसेहळ्ळीच्या फाट्यावर. कधी दहा मिनिटं, कधी वीस. मग उलटा फिरायचा. घरी आल्यावर मी विचारायचे, का थांबला होतात? पंक्चर. पुढच्या महिन्यात तिथंच का? पाणी प्यायलो. तीस वर्षं दुसऱ्याच्या मालात खोट काढणाऱ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, पण मी ताणलं नाही. त्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत कुणाचं घर आहे हे मला ठाऊक होतं.

ह्यांची आई हे सहा वर्षांचे असताना गेली. थोरली बहीण चंद्राबाई, ह्यांची अक्का, ती तेव्हा सतरा वर्षांची. तिचं लग्न हुणसेहळ्ळीला ठरलं तेव्हा तिनं सासरच्यांना सांगितलं, नागू माझ्याबरोबर येईल, नाहीतर मी येत नाही. अशी आली भावाला कडेवर घेऊन. दहावीपर्यंत हे तिच्याकडं होते. शाळा सिऱ्याला, नऊ किलोमीटर. भावजींची सायकल ह्यांच्या उंचीपेक्षा मोठी, म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायचे. संध्याकाळी उन्हात रापून परत आले की फाट्यावर चिंचेखाली अक्का उभी असायची, हातात ताकाचा तांब्या. आधी ताक, मग घर. सासूनं एकदा विचारलं, घरी येऊन पीत नाही का तो, एवढं चालत कशाला जातेस? अक्का म्हणाली, फाट्यापासून घरापर्यंत चढ आहे. बायकांना माहेर असतं म्हणतात. आमच्या घरात माहेर ह्यांना होतं.

आणि ते ह्यांनीच स्वतःच्या हातानं तोडलं. अक्काचा गिरीराज, एकुलता एक मुलगा, त्याला ह्यांनीच आपल्या कारखान्यात चिकटवला होता, आपल्याच खात्यात. एकदा ब्रेकच्या पिनांचा एक अख्खा लॉट गिरीनं न मापताच पास केला, तक्त्यात मनानं आकडे भरले. ह्यांच्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर कानाखाली वाजवून तक्ता फाडून टाकला असता. ह्यांनी लॉट बाद केला, कारण लिहिलं, खाली गिरीचं नाव लिहिलं आणि सही केली. गिरीची नोकरी गेली. अक्का बेंगळुरूला आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, तुझे नियम तुला लखलाभ, आजपासून माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. हे म्हणाले, सरी. त्या ‘सरी’चा मला आजही राग येतो. भांडायचं, रडायचं, पाय धरायचे. सरी काय?

नऊ वर्षं झाली त्याला. फोन नाही, पत्र नाही, लग्नाकार्यात गाठ नाही. मीही फोन केला नाही. एक तर नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून, आणि दुसरं म्हणजे अक्कांनी माझ्या हातचं पाणी नाकारलं त्याचा मला राग होता. पण दर भाऊबीजेला सकाळी हे आंघोळ करून, काळी टोपी घालून खुर्चीत बसायचे. कुणी ओवाळायला येणार नाही हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. तासभर तसेच बसायचे, पेपर हातात, नजर पेपरात नाही. मग टोपी काढून खिळ्याला अडकवायचे आणि म्हणायचे, रंजिता, चहा टाक. नऊ भाऊबिजा मी तो चहा टाकला. आत ओट्यापाशी उभी राहून रडले आहे मी, सांगायला लाज कसली.

तर यंदा मीच ठरवलं. तीनशेचा रस्ता तुमकूर, सिरा करत हिरियूरच्या अलीकडं जाऊन परत, म्हणजे फाट्यावरूनच. मी अक्कांना फोन लावला. नाव सांगितल्यावर पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा आला. मी एका दमात बोलून टाकलं, की रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला हे फाट्यावरून जाणार आहेत, तुम्ही ताक घेऊन उभ्या राहा, पूर्वीसारख्या. मला वाटलं फोन आपटतील. त्या म्हणाल्या, "फाट्यापर्यंत येईन. त्याच्या पुढं एक पाऊल नाही." हा इकडं कशाला येतोय, कशावरून येतोय, काही विचारलं नाही. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

रविवारी पहाटे हे निघाले आणि त्यांच्या मागोमाग मी सिऱ्याच्या बसमध्ये बसले. ह्यांना पत्ता नाही. नेलमंगला मागं पडल्यावर मी सोनमला फोन केला. सोनम म्हणजे ह्या फेऱ्यांची व्यवस्था बघणारी पोरगी, आमच्या भव्याच्या वयाची, मला आंटी म्हणते. अंकल फाट्यावर नक्की किती वाजता येतील, विचारलं. कशाला, म्हणाली. मी कौतुकानं सगळं सांगितलं, ताक, बहीण, नऊ वर्षं. ती हळूच म्हणाली, आंटी, तसं चालत नाही. दोन कंट्रोलच्या मध्ये स्वतः दुकानातून काय हवं ते घ्यावं, पण घरच्या माणसानं येऊन पाणी, खाणं, काहीही द्यायचं नाही. दिलं आणि घेतलं तर रायडर बाद. कंट्रोलवर दिलेलं चालतं. फाट्याच्या पुढं आठ किलोमीटरवर हॉटेलच्या आवारात कंट्रोल आहे, मी तिथंच बसलेय, तिथं आणा ना ताईंना.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझा नवरा मला पक्का ठाऊक. तो हात जोडून म्हणणार, अक्का, नियमात बसत नाही. आणि मग ती नऊ वर्षांची भिंत माझ्या हातानं दुप्पट उंच होणार. त्यापेक्षा मी घरी बसून भाजी निवडली असती तर काय बिघडलं असतं?

फाट्यावर उतरले तेव्हा नऊ वाजले होते. मोठा रस्ता आता सहा पदरी झालाय. बाकी सगळी झाडं गेली, सर्व्हिस रोडच्या कडेला एक चिंच कशी कोण जाणे राहिलीय. तिच्याखाली मल्लाप्पाचं चहाचं दुकान, पलीकडं दूध डेअरीची भिंत. अक्का बाकावर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, केस पांढरे, मांडीवर पितळी तांब्या आणि त्यावर वाटी झाकलेली. मी वाकून नमस्कार केला आणि रडू येण्याच्या आत नियम सांगून टाकला. रिक्षा करू, आठ किलोमीटर तर आहे, कंट्रोलवर जाऊ, तिथं द्या.

अक्कांनी वाटी उचलून ताक बघितलं, परत झाकलं. "अजून नियमच का त्याचे?" म्हणाल्या. "मग बघू या. मी इथून हलत नाही."

पुढचा सव्वा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. फोन लावावा तर हे सायकलवर फोन उचलत नाहीत, तोही त्यांचा एक नियम. निळा ठिपका सरकत होता. मला एकदा वाटलं, टायर खरंच पंक्चर होऊ दे. एकदा वाटलं, तांब्या माझ्या हातून सांडावा. मल्लाप्पानं मला न मागता दोन चहा दिले. पोरंसोरं सायकली हाणत सूंसूं करत निघून गेली. मग दहा वाजून वीस मिनिटांनी लांबून हे दिसले. आपले एका लयीत, मान खाली.

फाट्यापाशी आले, आणि नेहमीच्या सवयीनं थांबले. एक पाय जमिनीवर टेकला. आमच्याकडं लक्षच नाही, गावाकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याकडं बघत उभे. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक बैलगाडी होती आणि धूळ होती. ह्यांचं ते बघणं मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं, इतके दिवस फोनवर नुसता ठिपका होता.

अक्का उठल्या. बाक करकरला, तसे हे वळले.

"अर्धा राहिलास की रे," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "ही जेवायला घालत नाही का?"

तीन वर्षं घाम गाळून उतरवलेलं वजन, डॉक्टरांनी पाठ थोपटलेलं, कॉलनीनं तोंडात बोट घातलेलं, आणि अक्कांना फक्त पोर वाळलेलं दिसलं. एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी दिलं नाही. हे नुसते उभे होते, हेल्मेटखाली तोंड वेडंवाकडं होत होतं.

अक्कांनी वाटी काढली आणि तांब्या पुढं केला. आल्याचा, हिंगाचा वास आला. ह्यांचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. हातमोज्यातली बोटं हवेत तशीच.

"अक्का, पुढं कंट्रोल आहे. आठ किलोमीटर. तिथं घेता येतं."

"ठाऊक आहे. मी तिथं येणार नाही."

तांब्या तसाच पुढं. सत्तरीच्या बाईचा हात, भरलेल्या पितळेच्या वजनानं खाली यायला लागला, पण मागं घेतला नाही. मल्लाप्पा दुकानातून कन्नडमध्ये म्हणाला, की प्या हो सार, इथं कोण बघतंय? खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. प्या, तोंड पुसा, पुढं जा. देवाशप्पथ कुणाला सांगणार नाही.

"मी बघतोय ना," हे म्हणाले.

संपलं सगळं, म्हटलं. पण ह्यांनी सायकल चिंचेला टेकवली. पाठीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं, त्याच खिशातून पेन काढलं. पेनाशिवाय हा माणूस न्हाणीघरातसुद्धा जात नाही. सायकलच्या सीटवर कार्ड ठेवून लिहायला लागले. हात असा कापत होता की दोनदा पेन उचलावं लागलं. लिहून झाल्यावर कार्ड माझ्या हातात दिलं, अक्कांच्या हातातून तांब्या घेतला, दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या प्यायले. हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळ गेले तरी थांबले नाहीत.

मी कार्ड वाचलं. ‘कि.मी. ११२. सकाळी १०.२६. बाहेरची मदत घेतली: ताक, एक तांब्या. रायडर बाद.’ खाली पूर्ण सही, कारखान्यात करायचे तशी.

"काय लिहिलंस?" अक्कांनी विचारलं.

"मला बाद केलं."

अक्कांनी माझ्या हातातल्या कार्डाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गिरीला पण असंच लिहिलं होतंस?"

"असंच."

"हात असाच कापत होता?"

"त्या दिवशी जास्त, अक्का."

अक्कांनी रिकामा तांब्या घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या. आतून पुसला, बाहेरून पुसला, पुन्हा आतून पुसला.

मग ह्यांनी सांगितलं, की कार्ड कंट्रोलवर सोनमच्या हातात द्यायला हवं, बाद झालेल्या माणसानं ते कळवायचं असतं. तासाभरात येतो. अक्का हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. हे सायकलवर बसून गेले. पदकाचा खिळा माझ्या डोळ्यांसमोर आला, पण त्या क्षणी मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही.

आम्ही दोघी बाकावर बसलो. अक्का रस्त्याकडं बघत होत्या. येईल ना गं, असं एकदा पुटपुटल्या. त्यांना धीर द्यावा म्हणून मी फोनमधल्या ठिपक्याचं सांगितलं. म्हटलं, अक्का, तुम्हाला वाटत असेल ते विसरले, पण इथं ह्या चिंचेखाली ते सोळा वेळा थांबलेत, मी मोजलंय.

"सतरा," अक्का म्हणाल्या.

मग मला आठवलं, एका रविवारी ह्यांचा फोन बंद पडला होता.

त्यांनी डेअरीच्या भिंतीकडं बोट दाखवलं. पहिल्या दोन वेळा मल्लाप्पानं येऊन सांगितलं होतं, की बेंगळुरूकडचा एक माणूस सायकल घेऊन येतो, तुमच्या रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो आणि परत जातो. वर्णन ऐकून अक्कांनी ओळखलं. तेव्हापासून दर रविवारी, नऊपासून बारापर्यंत, त्या भिंतीच्या आड दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून राहायच्या. महिन्यातून एखाद्या रविवारी हे यायचे. बाकीचे रविवार नुसतंच ऊन. हे रस्त्याकडं बघायचे आणि अक्का ह्यांच्या पाठीकडं बघायच्या. मध्ये वीस पावलं. पाठ दर वेळी बारीक होत गेलेली, म्हणून त्यांना घोर लागला होता, आजारी आहे का आपला नागू, काय झालंय त्याला.

मी म्हटलं, मग हाक का मारली नाहीत?

"तो दोन पावलं आत आला असता तर मारली असती," अक्का म्हणाल्या. "येतोय का बघत होते. गिरीनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, अम्मा, चूक माझी होती, मामाचं बरोबर आहे. मीच कानावर घेतलं नाही. ते मानलं असतं तर मी त्याला जे बोलून बसले, त्याचं काय करायचं होतं?"

मी त्यांचा हात धरून बसले.

तेवढ्यात सोनमचा फोन आला. ती हसत होती की रडत होती कळेना. म्हणाली, आंटी, मी अंकलना सांगितलं, मी काही बघितलं नाही, दुसरं कार्ड देते, हे फाडून टाका. तर मलाच ओरडले, म्हणाले तक्ता फाडायचा नसतो. आता परत निघालेत. आणि हो, वाटेत एक लाल दिवा आहे, तिथं थांबलेत, इथून दिसतायत मला.

साडेअकराला हे आले. अक्का उठल्या, तांब्या काखेत घेतला आणि गावाच्या रस्त्याला लागल्या. चल म्हणाल्या नाहीत. हे सायकल हातात धरून त्यांच्या मागं, आणि मी शेवटी. ते सायकलचे बूट खाली लोखंड लावलेले, मातीतसुद्धा टक टक वाजतात. फाट्यापासून घरापर्यंत खरंच चढ आहे, माझा जीव निघाला. अक्का दोनदा थांबल्या, आणि हेही दोनदा थांबले, जवळ न जाता, तेवढंच अंतर ठेवून.

अक्का घरात गेल्या. मी त्यांच्या मागं आत गेले. वळून बघते तर हे बाहेरच, उंबऱ्याच्या अलीकडं, सायकलचं हँडल धरून उभे. मी म्हटलं, या ना आत. ह्यांनी मान हलवली. नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. ते कुणी अजून मागं घेतलं नव्हतं.

अक्कांनी बघितलं. तशाच आत देवघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला, काडी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं, निरांजन, कुंकू, सुपारी, तांदूळ. भाऊबीजेला अजून बारा दिवस होते. ताट बघून ह्यांनी घाईघाईनं हेल्मेटचा पट्टा सोडला आणि ते काढायला गेले.

"असू दे," अक्का म्हणाल्या. "उघड्या डोक्यानं ओवाळून घेत नाहीत."

ह्यांनी पट्टा परत लावला आणि मान खाली घालून उभे राहिले. अक्कांनी उंबरा ओलांडून बाहेर पाय टाकला.